तळघरातली सुई

सिद्धाराम सव्वा वर्षानं घरी आला तेव्हा टांग्यातून त्याच्या आधी एक लाकडी पेटी उतरली. ट्रंकेच्या दुप्पट आकाराची, चारी बाजूंनी काथ्यानं आवळलेली. हमालाच्या खांद्याला स्वतःचा हात लावून तो म्हणत होता, "हळू, बाबा, हळू. आत लई नाजूक काम हाय."

"आनि हितं काय धोंडा हाय व्हय?" दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या असलेल्या ईरम्मानं, त्याच्या आईनं विचारलं. तुकडा ओवाळून टाकायच्या आधीच तिनं काखेतली नात त्याच्या पुढं धरली.

सिद्धाराम पोरीला पहिल्यांदाच बघत होता. तो बेटावर गेला तेव्हा घरात तिची चाहूलही नव्हती. आता ती सहा महिन्यांची झाली होती. चन्नव्वा तिचं नाव, पण सगळे चन्नी म्हणत. त्यानं तिला दोन्ही तळहातांवर घेतलं, एखादं उघडं घड्याळ घ्यावं तसं.

"मान," दाराआडून आवाज आला. "मानेखाली हात धरा."

सव्वा वर्षानं भेटलेल्या नवऱ्याशी महादेवीचं हे पहिलं बोलणं.

"मान धरून दोन महिनं झालं तिला," ईरम्मा म्हणाली. "पन हिला कोन सांगनार? हिचं पोर न्हाई ते, परीक्षाच हाय. रोज पास करती नि रोज पुन्यांदा बसती."

महादेवी हसली, पण तिचे डोळे चन्नीच्या मानेवरच होते.

तिला काळजी करायची सवय लागली होती हे खरं. बार्शीच्या एका शाळामास्तरांची ही मुलगी, पुण्याला कॉलेजात दोन वर्षं शिकलेली, पदार्थविज्ञानात वर्गात वरच्या नंबरात. प्रयोगशाळेत तिला एकच गोष्ट पक्की शिकवलेली होती: नीट बघ, आणि जे दिसेल तेच लिही. ते बघणं आता सगळं त्या पाळण्यात गोळा झालं होतं. चन्नी झोपली की महादेवी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास येतो ना ते बघायची. रडली तर का रडली, गप्प राहिली तर का गप्प राहिली. ईरम्मा म्हणायची, "आमी सात काढली, चार जगली, पन नाकाखाली बोट काय धरलं न्हाई." आणि महादेवी मनात म्हणायची, चारच जगली ना, अव्वा.

त्यात नवऱ्याची नोकरी अशी.

सोलापूरच्या बाळीवेशीत सासऱ्यांचं, गुरुसिद्धप्पांचं, घड्याळ-दुरुस्तीचं दुकान. मुलगाही त्यातलाच. मुंबईच्या वेधशाळेत घड्याळं सांभाळायला म्हणून गेला, तिथं एका डच शास्त्रज्ञाच्या नजरेत त्याचा हात भरला, आणि त्यानं त्याला उचलून जावा-सुमात्र्याकडच्या समुद्रात नेऊन ठेवलं. तिथं भर समुद्रातून एक डोंगर वर आलेला होता, पेटता. त्याच्या समोर, मधे पाण्याचा पट्टा सोडून, एक चिमुकलं बेट. त्या बेटावर एक दगडी खोली, चार झोपड्या आणि खुणेचा दिवा लावायला एक उंच डोलकाठी. खोलीत भूकंपाचं यंत्र. तिथल्या माणसांचं काम एवढंच की डोंगराकडं बघत राहायचं. धूर किती, समुद्राचं पाणी किती तापलं, सुई किती हलली. डोंगर थोड्या थोड्या वेळानं फुसफुसत असला की ठीक. पण सुई एका विशिष्ट तऱ्हेनं हलायला लागली, की डोलकाठीवर लाल दिवा चढवायचा. मग पलीकडच्या किनाऱ्यावरचे कोळी बायकापोरं आणि कोंबड्या घेऊन टेकडीवर जायचे.

गेल्या साली डोंगरानं फेकलेले तापलेले दगड बेटाच्या कडेपर्यंत आले होते. एक होडी जळाली. सिद्धारामनं हे पत्रात एका ओळीत लिहिलं होतं, आणि पुढच्या ओळीत तिथल्या केळ्यांची चव. महादेवीला केळी आठवत नव्हती. होडी आठवत होती.

राखेनं आणि खाऱ्या हवेनं तिथलं जुनं यंत्र खाल्लं होतं. नवं विलायतेहून मुंबईला आलं. ते ताब्यात घेऊन, नीट चालतं की नाही ते पारखून, मगच बोटीवर चढवायचं, असा साहेबाचा हुकूम. मुंबईत पारखता येईना, कारण समुद्राच्या लाटा तिथली जमीन सारखी हलवत असतात. सिद्धारामनं तार केली की माझं गाव समुद्रापासून लांब आहे, घराखाली काळा कातळ आहे. साहेबानं परवानगी दिली. साहेबालाही पोरं होती, त्याला तारेतलं न लिहिलेलंही कळलं असावं.

*

घरात धान्य साठवायचं एक तळघर होतं, माजघराच्या बरोबर खाली. ज्वारीची पोती एका बाजूला सारून सिद्धारामनं तिथं यंत्र बसवलं. माजघराचा मधला सागवानी खांब तळघरातून वर गेलेला, आणि खाली त्याला आधार म्हणून मोठा काळा तळखडा. घरातला सगळ्यात भक्कम दगड तोच. त्याच्या सपाट अंगावर त्यानं यंत्राचे तीन पाय रोवले.

"हा दगडही एके काळी लाव्हाच होता," महादेवी कंदील धरून उभी होती, ती म्हणाली. "हा सगळा मुलूखच. वितळून वाहिला आणि गोठला."

"मंजी आमी ज्वालामुखीवर भाकरी थापतो व्हय?" जिन्यावरून ईरम्मा म्हणाली. "तरीच मेली तव्यावर लवकर करपती."

यंत्र तसं साधं होतं. एक जड लोलक, त्याला जोडलेली लांब काडी, काडीच्या टोकाला सुई. समोर घड्याळाच्या चालीवर सावकाश फिरणारा गोल ढोल, त्यावर काजळी धरलेला गुळगुळीत कागद. जमीन हलली की सुई काजळी ओरखडते आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटते. दिवस संपला की कागद उतरवायचा, स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेत बुडवायचा, म्हणजे काजळी पुसत नाही.

काजळी धरायचं काम महादेवीनं आपल्याकडं घेतलं. रॉकेलच्या दिव्याची वात मोठी करायची आणि ढोल ज्योतीवर फिरवत राहायचा, सगळीकडं सारखा. पहिल्या दिवशी ठिगळं पडली. दुसऱ्या दिवशी मखमल आली.

"एवढं काजळ!" ईरम्मा म्हणाली. ती नातीसाठी रोज वाटीभर तुपाच्या दिव्यावर काजळ धरायची. "कुनाकुनाचं डोळं भरायचं हाय गं? आख्ख्या बाळीवेशीचं?"

"डोंगराचं, अव्वा," सिद्धाराम म्हणाला. "दृष्ट लागू नये म्हणून."

कागदावर गिरण्या दिसत होत्या. सकाळी भोंगा झाला की रेघेला बारीक कापरं सुटायचं, माग चालू आहेत तोवर ते राहायचं, आणि पाळी सुटली की रेघ पुन्हा सुतासारखी. मद्रासची गाडी गेली की एक छोटा झुबका. सिद्धाराम खूश होता. तो महादेवीला एकेक खूण दाखवायचा आणि ती दोनदा बघून तिसरी त्याला दाखवायची. कॉलेज सुटल्यापासून तिच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. चन्नी मांडीवर असायची आणि कागद गुडघ्यावर.

पण कागदावर आणखीही काहीतरी होतं.

"हे बघ," तो तिसऱ्या दिवशी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "हे गिरणीचं नाही."

बारीक कापऱ्यावर स्वार झालेली एक लांब, संथ लाट. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं. सुरुवातीला मोठी, मग बराच वेळ एकसारखी, मग हळूहळू ओसरत जाणारी. दिवसातून चार-पाच वेळा. रात्रीही एकदा.

"डोंगराच्या पोटात लाव्हा वर चढायला लागला की सुई अशीच डुलते," तो म्हणाला. "हुबेहूब अशीच. हिच्यावरच लाल दिवा चढवतो आम्ही. आणि इथं सोलापुरात लाव्हा कुठला चढतोय?"

"मग?"

"मग दोष यंत्रात आहे. लोलक आपोआप डुलतोय. असलं यंत्र तिथं नेलं तर दिवसाला चार वेळा गावं खाली करावी लागतील. चार दिवस पळतील लोक. पाचव्या दिवशी कोण पळणार?"

त्यानं यंत्र पुन्हा समतल केलं, पायांखाली शिसं घातलं, तळघराचे झरोके गोणपाटानं बुजवले. लाट येतच राहिली. दोन दिवसांनी तो जेवताना म्हणाला, "हे परत विलायतेला धाडावं लागणार. साहेबाला तार करतो. तिकडून दुरुस्त होऊन यायला दसरा उजाडेल."

"आनि तवर तू?" ईरम्मानं विचारलं.

"तवर हितंच की. मशीनशिवाय जाऊन काय करू? धूर बघायला माझा जोडीदार सार्मिन हाय तितं."

ईरम्मानं उठून त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि वर न विचारता तुपाची धार धरली. गुरुसिद्धप्पांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "दुकानाला बी हात हवाच हाय." महादेवी मान खाली घालून बसली होती. फाल्गुन चालू होता. फाल्गुनापासून दसरा. चन्नी रांगेल, उभी राहील, कदाचित पहिलं पाऊलही टाकेल, आणि तो इथं असेल.

*

त्याच संध्याकाळी तळघरात तिनं त्या दिवशीचा कागद हातात घेतला. बघायचं असं काही नव्हतं, नुसती सवय. संथ लाट होती, दुपारच्या जेवणानंतरची. पण ती मधेच तुटली होती. चांगली डुलत असताना एकाएकी ओसरली, थोडी जागा नुसती गिरणीच्या कापऱ्याची गेली, आणि मग लाट पुन्हा झटक्यानं मोठी होऊन सुरू झाली.

महादेवी त्या तुटलेल्या जागेकडं बघत राहिली.

दुपारी जेवणानंतर कासारीण आली होती, गोजाबाई. दारातूनच ओरडली, "ईरम्माक्का, हिरवा चुडा आलाय!" तेव्हा अव्वा पाळण्याची दोरी सोडून दारात गेली. चन्नी रडली. महादेवी धुणं टाकून धावत येईपर्यंत अव्वाच परत आली होती आणि जोरात दोरी ओढून म्हणाली होती, "आले गं माझे आई, आले."

तिनं वर बघितलं. तळघराच्या छतातून तो सागवानी खांब वर गेला होता. वर माजघरात त्याच्या डोक्यावर तुळई. तुळईला कडी. कडीला पाळणा.

मग बाकीच्या लाटा तिला बघाव्याही लागल्या नाहीत. सकाळी न्हाऊन धुरी झाल्यावरची. दुपारची. दिवेलागणीची. पहाटेची, जी ती स्वतःच, झोपेत, अंथरुणातून हात लांब करून द्यायची. पोरीच्या झोपेच्या वेळा तिला तोंडपाठ होत्या. त्याला कुठून असणार? तो पाच-सहा दिवसांचा बाप होता, आणि पाळणा हलत असताना तो नेहमी खाली सुईजवळ असायचा.

"काय दिसलं?" वरून त्यानं हाक मारली.

"काही नाही," महादेवी म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला कळलं की आपण तो मुद्दाम उच्चारला.

ती कागद घेऊन पोत्याला टेकून बसली. खोटं असं ती काही बोलली नव्हती. तिला कुणी विचारलंय का, पाळणा आहे का म्हणून? यंत्र विलायतेला जाईल, तिथले लोक बघतील, दोष नाही म्हणून परत धाडतील. कुणाचं काय बिघडणार? आणि इथं एक माणूस, ज्याच्या होड्या जळतात, तो सहा महिने बाळीवेशीत बसून घड्याळं दुरुस्त करील. तेवढ्यात त्या डोंगराचं जे व्हायचं ते होऊन जाईल. तो नसताना होईल.

त्या रात्री चन्नीच्या नाकाखाली बोट न धरता ती झोपली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

दुसरा दिवस फार चांगला गेला. तार करायची ती उद्या करू म्हणून सिद्धारामनं पुढं ढकलली. सकाळी तो पोरीला घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेला. देऊळ पाण्याच्या मधोमध, तिथल्या पायरीवर बसून त्यानं तिला मासे दाखवले. महादेवी शेजारी होती आणि तिनं फक्त दोनदा म्हटलं, "पाण्यापासून लांब धरा." परत येताना त्यानं ओले हरभरे घेतले. दुपारी अंगणात तो सोलत बसला, चन्नी चटईवर पालथी पडून त्याच्या अंगठ्याशी झटत होती.

"सार्मिनची बायको पोराला असंच चटईवर टाकते," तो सहज म्हणाला. "तिची चटई मात्र खोलीच्या दारात असते. जुनं मशीन बंद पडल्यापासून तिनं एक नवीन काढलंय. पायरीवर पाण्याची कटोरी ठेवते. पाणी हललं तर उठायचं."

"कळतं त्यात?"

"कसलं कळतंय! वाऱ्यानंही हलतं. बाई उठते, डोंगराकडं बघते, पुन्हा बसते. स्वयंपाक करताना एक डोळा कटोरीवर. पोराला पाजताना एक डोळा कटोरीवर. सार्मिन म्हणतो, तू झोप, मी बघतो. ती म्हणते, तू बघशील, पण तुला माझ्यासारखं दिसणार नाही." तो हसला. "तुझी आठवण यायची मला तिला बघून. मी निघालो तेव्हा तिनं मला काय सांगितलं माहीत आहे? म्हणाली, सुई घेऊन ये, मग मी निवांत झोपेन."

महादेवीनं हरभऱ्याचा एक घाटा उचलला आणि तो सोलायलाच विसरली.

"नाव काय तिचं?"

"मला माहीत नाही. सार्मिनची बायकोच म्हणतात सगळे."

संध्याकाळ झाली. ईरम्मानं पोरीला पाळण्यात घातलं आणि दोरी ओढायला लागली. करर्, करर्, कडी वाजत होती. महादेवी ओट्यावर उभी राहून ऐकत होती. खाली अंधारात सुई डुलत असणार, डावीकडं, उजवीकडं. आजवर हा आवाज तिला कधी ऐकूच आला नव्हता. आज तो घरभर होता.

*

सकाळी ती चन्नीला न्हाऊ घालून आली तर गुरुसिद्धप्पा तळघरात उतरत होते. डोळ्याला भिंग, हातात कापडात गुंडाळलेली बारीक हत्यारं.

"अप्पा कुठं निघाले?"

"तो म्हनतोय विलायतेला धाडायचं," सासरे जिन्यातून म्हणाले. "विलायतेला कशापायी? चाळीस वर्षं झाली मी घड्याळं उघडतोय. लोलक डुलतो मंजी टोकाची खीळ ढिली. हितंच कानस मारतो थोडी, बसती का न्हाई बघ. पैसा बी वाचंल, वेळ बी."

"अप्पा, ती खीळ माझ्या नखाएवढी हाय," मागून सिद्धाराम म्हणाला, पण त्याच्या आवाजात नको म्हणण्याचा जोर नव्हता. बिघडलेल्या वस्तूपुढं ही दोघं बापलेक सारखीच. उघडून बघितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

महादेवी ओलेत्या पोरीला छातीशी धरून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. खाली अप्पांनी कंदील जवळ ओढला. लोलकाला पाचर लावली. भिंग नीट केलं. कानशीचं टोक चमकलं.

विलायतेला धाडलेलं यंत्र जसंच्या तसं परत आलं असतं. कानस लागलेलं मात्र पुन्हा जसंच्या तसं झालं नसतं. ते नुसतं चालल्यासारखं चाललं असतं, आणि ती बाई त्याच्या भरवशावर झोपली असती.

"थांबा, अप्पा!"

दोघांनी वर बघितलं.

"यंत्रात दोष नाही," महादेवी म्हणाली. "पाळण्यामुळं होतंय ते."

"काय?"

"पाळणा. कडीतून तुळईत, तुळईतून खांबात, खांबातून तळखड्यात. आणि तळखड्यावर तुम्ही यंत्र बसवलंय."

सिद्धारामनं खांबाकडं बघितलं, खालून वर. कपाळावर हात मारला आणि त्या हाताची काजळी कपाळाला लागली.

"हालवून बघू," तो म्हणाला. "आत्ता. अव्वा! पाळण्याची दोरी ओढ. रिकामाच हलव."

माजघरातून ईरम्माचा आवाज चिरकला. "रिकामा पाळना? जीभ झडली न्हाई का रं तुजी बोलताना? रिकामा पाळना हालवला तर पोराचं पोट दुखतं!"

"मग पोरीला घाल."

"आत्ता न्हालीय ती, अंगाला धुरी न्हाई, टाळूला तेल न्हाई. ती न्हाई जायची पाळन्यात."

"अव्वा, फक्त मिनिटभर..."

"मिनिट न्हाई नि फिनिट न्हाई."

महादेवीला सासूची बाजू घ्यावीशी वाटली, आणि त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. इतक्या प्रयोगशाळा बघूनही रिकामा पाळणा हलवायला तिचाही हात गेला नसता. शिवाय पोरगी आत घालून प्रयोग कसा होणार? ती पाय झाडणार, रडणार. ठराविक वजनाचं, न हलणारं काहीतरी हवं.

"अव्वा," ती हळूच म्हणाली, "बारशाला आपण आधी काय घातलं होतं पाळण्यात?"

ईरम्माचे डोळे बारीक झाले. मग तिचं सगळं तोंड हसलं.

"गुंडप्पा!"

पाट्यावरचा वरवंटा. बारशाच्या दिवशी पोरीच्या आधी त्यालाच तेल लावून, न्हाऊ घालून, पाळण्याखालून वरून फिरवून आत निजवला होता. घरातलं थोरलं पोर तोच. ईरम्मानं तो धुतला, पदरानं पुसला आणि तिला काय वाटलं कुणास ठाऊक, चन्नीची लाल कुंची त्याच्या गोल डोक्यावर चढवली.

"ह्याला बी दृष्ट लागंल की," ती म्हणाली, आणि बोटानं त्याच्या गालावर, म्हणजे जिथं गाल असता तिथं, काजळाची तीट लावली.

अप्पांनी पाचर काढली. सिद्धाराम सुईजवळ वाकला. महादेवी जिन्याच्या तोंडाशी, दोघांमधे, एका कानानं वरचं आणि एका कानानं खालचं ऐकत.

"ओढा, अव्वा."

करर्, करर्. वरवंटा कुंची घालून डुलायला लागला. ईरम्मा सवयीनं गुणगुणू लागली होती.

खालून काही आवाज येईना.

मग सिद्धाराम म्हणाला, अगदी हळू, "आली."

"थांबा, अव्वा."

कडी थांबली. खाली लाट ओसरायला लागली असणार. सिद्धाराम सुईवर वाकूनच होता. "गेली," तो शेवटी म्हणाला.

तीन वेळा हलवलं, तीन वेळा आली, तीन वेळा गेली. अप्पांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि हत्यारं कापडात एकेक गुंडाळत म्हणाले, "बरं झालं कानस लावली न्हाई." एवढंच.

सिद्धाराम जिना चढून वर आला. कपाळावर काजळीचा पट्टा, तोंडभर हसू. "अव्वा, मशीन एकदम खरं हाय! खडखडीत! खांबापासून लांब बसवून एक रोज चालवतो, की मग..." आणि तो थांबला.

ईरम्मा पाळण्याची दोरी धरून उभी होती. "मंजी तू जानार की," ती म्हणाली.

"आयतवारच्या गाडीनं निघालो तर बोट मिळंल."

"हां," ईरम्मा म्हणाली. तिनं पाळण्यातून वरवंटा उचलला, कुंची काढली, तीट पुसली आणि तो पाट्यावर नेऊन ठेवला. बराच वेळ तिची पाठच दिसत होती.

सिद्धाराम महादेवीजवळ आला. चन्नी तिच्या खांद्यावर ओल्या टाळूनं झोपली होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "कधी कळलं तुला?"

"परवा. संध्याकाळी."

"आणि काल?"

"काल मला हवा होता," महादेवी म्हणाली.

त्यानं पोरीच्या मानेखाली हात सारला, बरोबर जिथं हवा तिथं, आणि तिला आपल्या खांद्यावर घेतलं. "मलाही," तो म्हणाला.

*

शनिवारी सकाळपासून चुलीपाशी दोघी बसल्या. बोटीवर न्यायला कडक भाकऱ्या. पातळ थापायच्या, भाजायच्या, मग निखाऱ्यांच्या धगीला उभ्या करून पापडासारख्या कोरड्या करायच्या. अशा भाकऱ्यांना महिनाभर काही होत नाही. शेंगांची चटणी ईरम्मानं आदल्या दिवशीच कुटून ठेवली होती.

"किती झाल्या?" महादेवीनं विचारलं.

"मोजू नगं. मोजल्या की कमी पडत्यात." ईरम्मानं काटवटीत पिठाचा गोळा टाकला. तिच्या थापण्याला आज जोर होता. जरा वेळानं ती चुलीकडं बघतच म्हणाली, "तू गप बसली असतीस तर चाललं असतं की गं."

"हो."

"दसऱ्यापोत्तर ऱ्हायला असता."

"हो, अव्वा."

"मग?"

महादेवीनं तव्यावरची भाकरी उलटली. पाण्याची कटोरी, दारातली चटई, हे सगळं सासूला कसं सांगावं ते तिला कळेना. "तिथं एक बाई आहे," ती म्हणाली. "तिच्याकडं सुई नाही. रात्रभर जागी असते. लहान पोर आहे तिला."

ईरम्मानं थापणं थांबवलं. तिनं सुनेकडं नीट बघितलं, मग तिच्यामागं चटईवर पडलेल्या नातीकडं.

"तुज्यासारखीच का?"

"माझ्यासारखीच."

"अय्यो, मग दोघींचं कसं व्हायचं," ईरम्मा म्हणाली आणि परातीत आणखी दोन ओंजळी पीठ ओतलं. "तिच्या बी नावाच्या घालू. ती खाती का न्हाई भाकरी, काय की. चटनी तिखट लागंल तिला, जरा गूळ बी बांध."

खालून, तळघरातून, सिद्धारामचा आवाज आला. यंत्र आता खांबापासून दूर, भिंतीकडच्या उघड्या कातळावर होतं आणि शेवटचा कागद चढवलेला होता.

"अव्वा! काय चाललंय वर? सुई नाचाय लागलीय हितं!"

"भाकऱ्या चालल्यात तुज्या!" ईरम्मा ओरडली. "नाचू दे तिला!"

आणि तिनं गोळा काटवटीत आपटला. महादेवीनंही दुसरा गोळा हातात घेतला, पाण्याचा हात लावला आणि थापायला सुरुवात केली. मागं चटईवर चन्नी बराच वेळ गप्प होती. महादेवीनं मान वळवून बघितलं नाही. हातातली भाकरी फुटेल, म्हणून आधी तिनं ती पूर्ण केली.